घरखरेदीतील विक्रेत्याचा विलंब : कारणे, कायदेशीर स्थिती आणि खरेदीदाराची दक्षता

बीजसंज्ञा : साठेखत, खरेदीखत, करारपूर्ती, मुदत, तयारी आणि इच्छा

प्रस्तावना

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरखरेदी हा बहुधा एकदाच घडणारा व्यवहार असतो. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेल्या मुदत ठेवी, बँकेचे कर्ज आणि प्रसंगी घरातील दागिने अशा अनेक वाटांनी जमवलेला पैसा या एका व्यवहारात गुंतलेला असतो. अशा वेळी विसार स्वीकारून, साठेखतावर सही करून विक्रेता पुढील टप्प्यावर चालढकल करू लागला, तर खरेदीदाराची अवस्था 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी होते. व्यवहार मोडावा तर दिलेली रक्कम अडकते, थांबावे तर भाडे, व्याज आणि वाढत्या किमती यांचा भार वाढत जातो.

या प्रश्नाकडे सामान्यतः विक्रेत्याच्या सचोटीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. तो तसा अंशतः आहेही. परंतु न्यायालयासमोर प्रकरण गेल्यावर तपासणी केवळ विक्रेत्याच्या वर्तनाची होत नाही. विलंबाच्या काळात खरेदीदार काय करीत होता, हा प्रश्न तेथे तितकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा ठरतो. विक्रेत्याच्या विलंबावर खरेदीदाराची स्वतःची वेळेवर केलेली आणि कागदावर नोंदलेली तयारी हाच प्रभावी उपाय आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. घराच्या पुनर्विक्रीच्या व्यवहारात विक्रेत्याकडून होणाऱ्या विलंबाची कारणे स्पष्ट करणे.
२. मुदत आणि करारपूर्ती यांविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
३. विलंबाच्या काळात खरेदीदाराने कोणती पावले कोणत्या क्रमाने उचलावीत, याचे विवेचन करणे.

व्यवहाराचे टप्पे

महाराष्ट्रात जुन्या सदनिकेचा किंवा घराचा व्यवहार साधारणपणे तीन टप्प्यांत पूर्ण होतो. प्रथम विसार पावती, नंतर साठेखत आणि शेवटी खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. म्हणजेच साठेखत आणि खरेदीखत यांच्या दरम्यानच्या काळात खरेदीदाराने मोठी रक्कम दिलेली असते, पण मालकी मात्र विक्रेत्याकडेच असते. विलंबाचा धोका नेमका या मधल्या काळात असतो.

कलम ५५ मध्ये विक्रेत्याची कर्तव्ये सांगितली आहेत. मालमत्तेतील महत्त्वाचे दोष उघड करणे, मालकी हक्काची कागदपत्रे तपासणीसाठी देणे आणि किंमत मिळाल्यावर वा देऊ केल्यावर खरेदीखत करून देणे ही त्यांपैकी प्रमुख होत. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. खरेदीदाराने खरेदीखत योग्य वेळी व योग्य स्थळी सहीसाठी पुढे केले असता ते करून देण्यास विक्रेता बांधील आहे, अशी या कलमाची रचना आहे. खरेदीखताचा मसुदा तयार करून तो विक्रेत्यासमोर ठेवण्याचा पुढाकार खरेदीदाराने घ्यावा, हे कायद्याला अभिप्रेत आहे. 'ते बोलावतील तेव्हा जाऊ' ही सर्वसाधारण वृत्ती या रचनेशी जुळत नाही.

विलंबाची कारणे

विलंबाची कारणे सारखी नसतात. म्हणून सर्व विक्रेत्यांना एकाच मापाने मोजणे व्यवहार्य ठरत नाही.

अ) कागदपत्रांतील उणिवा : वडिलांच्या नावावरील घर मुले विकतात तेव्हा सर्व वारसांची संमती आवश्यक असते. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ नंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणेच सहदायकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे बहिणींचे हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर त्यांची सही हा प्रश्न अनेक व्यवहारांत शेवटच्या क्षणी उपस्थित होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ज्याचे नामनिर्देशन आहे तोच मालक, हाही एक प्रचलित गैरसमज आहे. केवळ नामनिर्देशनाने इतर वारसांचा हक्क संपत नाही. एखादा वारस परदेशी असल्यास त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून येथे आणावे लागते व त्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क भरावे लागते. यात काही महिने सहज जातात.

गोव्यातील घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. तेथे पोर्तुगीजकालीन नागरी संहितेवर आधारलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते व स्थावर मालमत्तेच्या विक्रीस दोघांची संमती लागते. महाराष्ट्रातून तेथे घर घेणाऱ्या खरेदीदाराला याची पूर्वकल्पना नसेल, तर एका सहीवाचून व्यवहार रखडतो.

आ) विक्रेत्याचे थकित कर्ज : घर बँकेकडे तारण असेल, तर मूळ कागदपत्रे बँकेच्या ताब्यात असतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील निर्देशांनुसार कर्जाची पूर्ण फेड झाल्यानंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हे निर्देश १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. त्यामुळे 'बँक कागद देत नाही' ही सबब अनिश्चित काळ टिकत नाही. कर्ज नेमके कोणत्या तारखेला फिटले, हे विचारल्यावर खरी स्थिती उघड होते.

इ) विक्रेत्याच्या वैयक्तिक अडचणी : स्वतःचे नवे घर तयार न होणे, घरातील आजारपण, मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच येणे ही कारणे खरी असू शकतात. येथे दोन्ही पक्षांच्या संमतीने मुदत वाढविणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

ई) वाढत्या किमतीचा मोह : साठेखतानंतर परिसरातील भाव चढला किंवा जास्त किंमत देणारा दुसरा ग्राहक आला, की काही विक्रेते स्पष्ट नकार न देता वेळ काढू लागतात. फोन न उचलणे, प्रत्येक भेटीत नवे कारण सांगणे, मागितलेला कागद न देणे ही त्याची लक्षणे होत. खरेदीदाराने कंटाळून स्वतःहून व्यवहार मोडावा, हा त्यामागील हेतू असतो. पहिल्या तीन प्रकारांत मदतीची गरज असते, तर या चौथ्या प्रकारात त्वरेची.

विलंबाची किंमत

विलंबाने होणारे नुकसान आकड्यांत मांडण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. उदाहरणादाखल एक काल्पनिक व्यवहार पाहता येईल. खरेदीदाराने स्वतःचे ८ लाख रुपये दिले असून विक्रेत्याचे कर्ज फेडण्यासाठी खरेदीदाराच्या बँकेने १२ लाख रुपये वितरित केले आहेत. कर्जाचा दर ९ टक्के धरल्यास १२ लाखांवर दरमहा ९,००० रुपये व्याज होते. स्वतःच्या ८ लाखांवर ७ टक्के दराने बुडणारे व्याज दरमहा सुमारे ४,६६७ रुपये होते. राहत्या घराचे भाडे १८,००० रुपये असेल, तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याची किंमत ३१,६६७ रुपये आणि सहा महिन्यांची किंमत सुमारे १ लाख ९० हजार रुपये होते. याशिवाय गृहकर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत संपल्यास नव्याने मंजुरी घ्यावी लागते व तेव्हाचा व्याजदर स्वीकारावा लागतो.

हा हिशोब केवळ मनस्तापाचे मोजमाप म्हणून उपयोगी नाही. भाडेकरार, बँकेचे खातेउतारे आणि पावत्या जपून ठेवल्यास पुढे भरपाईच्या मागणीला तोच आधार ठरतो.

मुदतीविषयी कायद्याची भूमिका

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार मुदत हे कराराचे मर्म असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. तसे नसेल तर केवळ भरपाई मागता येते. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत मुदत हे मर्म आहे असे गृहीत धरले जात नाही, ही भारतीय न्यायालयांची जुनी भूमिका आहे. चांद राणी विरुद्ध कमल राणी (१९९३) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे तत्त्व मान्य केले. मात्र करारातील अटी, मालमत्तेचे स्वरूप आणि सभोवतालची परिस्थिती यांवरून मुदत हे मर्म असल्याचे दिसू शकते, आणि तसे नसले तरी पूर्तता वाजवी कालावधीत झाली पाहिजे, असेही स्पष्ट केले.

के. एस. विद्यानदम विरुद्ध वैरवन (१९९७) या प्रकरणाने या तत्त्वाची दुसरी बाजू दाखविली. तेथे साठ हजारांच्या व्यवहारात खरेदीदाराने पाच हजार रुपये विसार दिला होता आणि सहा महिन्यांची मुदत ठरली होती. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे त्याने काहीही हालचाल केली नाही. दरम्यान शहरातील किमती बऱ्याच वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याला करारपूर्तीचा हुकूम नाकारला. शारदामणी कंदप्पन विरुद्ध एस. राजलक्ष्मी (२०११) या निर्णयात तर किमतींतील तीव्र वाढ पाहता मुदतीविषयीच्या जुन्या तत्त्वाचा फेरविचार व्हावा, असे मत न्यायालयाने नोंदविले.

या निर्णयांतून एक बोध स्पष्ट होतो. मुदत लवचीक मानली जाते, याचा फायदा विक्रेत्याला मिळतो, पण स्वस्थ बसलेल्या खरेदीदाराला ती लवचीकता तारत नाही. म्हणून साठेखतात 'मुदत हे या कराराचे मर्म आहे' हे वाक्य, खरेदीखताची निश्चित तारीख आणि विलंबासाठी दरमहा द्यावयाची भरपाई यांचा उल्लेख असावा. 'विसाराची दुप्पट रक्कम परत' अशी अट अनेक करारांत आढळते. तथापि करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार न्यायालय नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते, ती पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही.

'तयारी आणि इच्छा' : खरेदीदाराची कसोटी

विक्रेता खरेदीखत करून देत नसेल, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ नुसार करारपूर्तीचा दावा दाखल करता येतो. पूर्वी असा हुकूम देणे न्यायालयाच्या विवेकाधीन होते. २०१८ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आली, कलम १० मध्ये बदल झाला. कायद्यातील ठरावीक अपवाद वगळता न्यायालयाने करारपूर्ती करून द्यावी, अशी तरतूद आता आहे.

परंतु कलम १६(क) मधील कसोटी कायम आहे. कराराचा आपल्या वाट्याचा भाग पूर्ण करण्यास आपण सदैव तयार होतो आणि तशी आपली इच्छा होती, हे वादीला सिद्ध करावेच लागते. येथे 'तयारी' म्हणजे प्रामुख्याने आर्थिक क्षमता आणि 'इच्छा' म्हणजे वर्तनातून दिसणारा निर्धार. पूर्ण रक्कम प्रत्यक्ष न्यायालयात भरणे सुरुवातीपासून आवश्यक नसते, न्यायालयाने सांगितल्यास ती भरावी लागते. तथापि पैसा उपलब्ध होता हे दाखवावे लागते. बँकेचे चालू मंजुरीपत्र, ठेवींचे तपशील आणि विक्रेत्याला पाठविलेली पत्रे हाच तो पुरावा होय. विलंबाला कंटाळून कर्जाची मंजुरी रद्द करणारा किंवा जमवलेला पैसा अन्यत्र गुंतवणारा खरेदीदार नकळत आपलीच बाजू दुबळी करतो.

विलंब सुरू झाल्यावर उचलावयाची पावले

१. लेखी विचारणा : ठरलेली तारीख टळताच नम्र पण स्पष्ट पत्र पाठवावे. कोणता कागद बाकी आहे आणि तो केव्हा मिळेल, हे विचारावे. विक्रेत्याची अडचण खरी असल्यास मुदतवाढ द्यावी, परंतु ती दोघांच्या सहीने, नव्या तारखेसह लेखी असावी. 'पुढच्या महिन्यात बघू' या तोंडी आश्वासनावर मुदत वाढली असे धरून चालू नये.

२. मसुदा आणि तारीख : खरेदीखताचा मसुदा पाठवून दुय्यम निबंधक कार्यालयात उपस्थित राहण्याची तारीख व वेळ कळवावी. त्या दिवशी स्वतः उपस्थित राहून तशा अर्जाची पोच घेऊन ठेवावी. कलम ५५ मधील वर उल्लेखिलेला पुढाकार यातून सिद्ध होतो.

३. वकिलामार्फत नोटीस : पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठविलेल्या नोटिशीत कराराची तारीख, दिलेल्या रकमा, स्वतःची तयारी, खरेदीखतासाठी वाजवी अंतिम मुदत आणि ती न पाळल्यास करावयाची कार्यवाही यांचा उल्लेख असावा. 'अन्यथा व्यवहार रद्द समजावा' असे वाक्य रागाच्या भरात त्यात येऊ देऊ नये. घर हवे असेल, तर ते वाक्य विक्रेत्याच्याच पथ्यावर पडते.

४. नोंदणीस नकार : कधी विक्रेता खरेदीखतावर सही करतो, पण नोंदणीला येत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ नुसार सहीच्या दिनांकापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो. कलम ३६ नुसार नोंदणी अधिकाऱ्यामार्फत सही करणाऱ्यास समन्स काढण्याची विनंती करता येते. हा उपाय फारसा परिचित नाही, पण उपयुक्त आहे.

५. दावा आणि त्याची नोंद : मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार करारपूर्तीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. करारात तारीख असल्यास ती त्या तारखेपासून मोजली जाते आणि तारीख नसल्यास नकार समजल्यापासून. दाव्यासोबत घर तिसऱ्यास विकू नये यासाठी तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करावा. महाराष्ट्रात यापुढेही एक पाऊल आवश्यक ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने बदल झाला असून दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदविल्यावरच त्या कलमाचे संरक्षण मिळते. केवळ दावा दाखल करून निश्चिंत राहणाऱ्याला ही त्रुटी महाग पडू शकते.

६. पर्यायी मागण्या : करारपूर्तीसोबत ताबा, भरपाई आणि पर्याय म्हणून दिलेल्या रकमेचा परतावा या मागण्या दाव्यात स्वतंत्रपणे नमूद कराव्या लागतात. त्या न केल्यास न्यायालय त्या देऊ शकत नाही. दिलेल्या रकमेपुरता खरेदीदाराचा त्या मालमत्तेवर बोजा असतो, ही कलम ५५(६)(ब) मधील तरतूदही विसरू नये.

साठेखताची नोंदणी केलेली असल्यास ही सर्व वाट सुकर होते. नोंदणीकृत दस्त सूची क्रमांक २ मध्ये दिसतो. त्यामुळे शोध घेणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला आधीच्या कराराची माहिती मिळते आणि 'आपण अनभिज्ञ होतो' असे त्याला सहजासहजी म्हणता येत नाही. नोंदणी न झालेले साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, पण तिसऱ्या व्यक्तीपासून त्याने मिळणारे संरक्षण तोकडे असते.

विकासकाकडून होणारा विलंब

विक्रेता बांधकाम व्यावसायिक असेल तर स्थिती वेगळी असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. कलम १८ नुसार ताबा वेळेवर न मिळाल्यास खरेदीदार व्याजासह पैसे परत मागू शकतो, अथवा प्रकल्पात राहून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घेऊ शकतो. यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. आपले राहते घर विकणाऱ्या खाजगी व्यक्तीविरुद्ध मात्र हा मार्ग उपलब्ध नाही.

सामोपचार आणि माघार

प्रत्येक विलंब ही फसवणूक नसते. पोलिसांत तक्रार करण्याची घाई बहुधा निष्फळ ठरते, कारण दिवाणी स्वरूपाच्या वादाला फौजदारी रूप देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. एकच घर दोघांना विकणे किंवा खोटी कागदपत्रे देणे ही गोष्ट निराळी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो.

काही वेळा माघार हाच हिताचा निर्णय ठरतो. मालकीचा दोष गंभीर असेल, वारसांतील वाद न्यायालयात असेल किंवा दिलेली रक्कम अल्प असेल, तर वर्षानुवर्षे दावा लढविण्यापेक्षा व्याजासह परतावा घेऊन मोकळे होणे योग्य. मात्र रक्कम प्रत्यक्ष हाती आल्याखेरीज रद्दलेखावर सही करू नये.

निष्कर्ष

१. विलंबाचे कारण ओळखणे ही पहिली पायरी आहे. अडचणीतील विक्रेत्याला लेखी मुदतवाढ द्यावी. टाळाटाळ करणाऱ्याला वेळ देणे मात्र खरेदीदाराच्याच अंगलट येते.
२. निश्चित तारीख, मुदतीची स्पष्ट अट आणि नोंदणी यांनी युक्त साठेखत हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.
३. दिलेली रक्कम कामाच्या टप्प्यांशी जोडावी. मोठा हिस्सा खरेदीखताच्या दिवशी देय राहिल्यास विक्रेत्यालाही व्यवहार पूर्ण करण्याची निकड राहते.
४. तीन वर्षांची मुदत ही बाह्य मर्यादा आहे. तोवर थांबणे म्हणजे तयारी नव्हे.
५. विलंबाच्या काळातील पत्रे, पावत्या आणि मंजुरीपत्रे यांवरच खरेदीदाराचा हक्क उभा राहतो.

समारोप

घराचा व्यवहार विश्वासावर सुरू होतो आणि तसा तो व्हावाही. परंतु विश्वास आणि कागद यांत विरोध नाही. ज्या शिक्षकाने, कर्मचाऱ्याने वा निवृत्तिवेतनधारकाने आयुष्याची पुंजी एका घरासाठी दिली, त्याला विक्रेत्याची गती ठरविता येत नाही, मात्र स्वतःच्या तयारीची नोंद ठेवणे त्याच्या हाती असते. वाद उद्भवला नाही तर ती नोंद फाइलमध्ये पडून राहील, उद्भवला तर घर मिळणे किंवा न मिळणे तिच्यावरच अवलंबून राहील.